पडद्यामागचं दान

डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळणाऱ्यांमधला एक वाद काही मिटत नाही. खेळ चालवणाऱ्याने फाशांचं दान गुपचूप बदलावं का? माझं मत विचाराल तर, अजिबात बदलू नये.

नातेवाईक मंडळींसाठी आधी थोडी ओळख (खेळणाऱ्यांनी हा परिच्छेद गाळला तरी चालेल). गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघा अमेरिकनांनी १९७४ साली हा खेळ काढला. प्रत्येकाचं एक पात्र असतं, कुणी योद्धा, कुणी मांत्रिक. एकजण मात्र सगळं जग चालवतो. राक्षस, राजा, दुकानदार सगळ्यांची सोंगं तोच वठवतो. तो डंजन मास्टर. वार बसला की हुकला हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. मास्टरसमोर पुठ्ठ्याचा एक पडदा उभा असतो आणि त्यामागे त्याचे नकाशे, टिपणं आणि फासे. मेख इथेच आहे.

समजा, राक्षसाच्या फाशावर लागोपाठ दोनदा वीस पडले. चारशेत एकदा घडणारी गोष्ट, पण घडते. वीस म्हणजे जबर घाव, इजेचे फासे दुप्पट. सहा महिने जपलेल्या पात्राच्या जिवावर बेतलं. मास्टर पडद्याआड बघतो आणि शांतपणे म्हणतो, "हुकला!" सगळे खूश. मग बिघडलं कुठे?

बरं, याला पुस्तकाचाही आधार आहे. दान धुडकावण्याचा हक्क गायगॅक्सने १९७९ च्या मार्गदर्शक पुस्तकात मास्टरला देऊन टाकला होता. २०१४ च्या पुस्तकात तर लागोपाठच्या दोन जबर घावांचंच उदाहरण आहे. पण तिथेच पुढे सल्ला दिलाय की हे फार वेळा करू नका, आणि करताय हे कळू देऊ नका. मला खुपतं ते हे शेवटचं. कळू का द्यायचं नाही? कारण एकदा कळलं की आधीचे सगळे विजयही नासतात. शेवटच्या श्वासावर असताना लोळवलेला तो ड्रॅगन आपण खरंच मारला, की आपल्याला मारू दिला? मास्टरने कितीही शपथा घेतल्या तरी शंका जात नाही.

आपल्याकडे धाकट्या भावंडाला लगोरीत कच्चा लिंबू म्हणून घ्यायचे. तो बाद झाला तरी बाद नाही. पण हे आधी सगळ्यांना सांगितलेलं असायचं, त्याला स्वतःलाही. (आणि पुढच्या सुट्टीत "मी कच्चा लिंबू नाहीये" म्हणून तोच भांडायचा!) पडद्याआड दान बदलणारा मास्टर चांगल्या थोराड माणसांना त्यांच्या नकळत कच्चा लिंबू करतो. शकुनीचं कपट हरवण्यासाठी होतं, याचं जिंकवण्यासाठी, एवढाच काय तो फरक.

आता राक्षसाची ताकद ठरवताना मास्टरचाच अंदाज चुकला तर? नवख्यांनी पहिल्याच संध्याकाळी मरावं? या आक्षेपात दम आहे. पण दया उघडपणेही दाखवता येते की. वॉरहॅमरच्या १९८६ सालच्या खेळात नशिबाचे गुण मिळतात. एक खर्चून मरण टाळता येतं, सर्वांच्या समोर, आणि ते संपतातही. २०१० च्या अपॉकॅलिप्स वर्ल्डमध्ये खेळ चालवणारा फासे टाकतच नाही, म्हणजे प्रश्नच मिटला. डंजन्समध्येही शत्रू जखमीला ठार न करता कैद करू शकतो. नाहीतर मास्टरने सरळ म्हणावं, "हा गडी मी जरा जास्तच दांडगा केला, याचे घाव निम्मे धरा." कुणी नाही म्हणणार आहे का?

आमच्याकडे पडद्याआड फक्त नकाशे असतात, फासे टेबलाच्या मध्यभागी पडतात. पात्र कोसळलं की जगण्यासाठी त्या खेळाडूला वीसचा फासा टाकावा लागतो. दहा किंवा वर तीनदा पडलं तर वाचला, त्याआधी तीनदा कमी पडलं तर गेला. तो फासा घरंगळत असताना समोरच्या बशीतल्या भज्यांकडे कुणी बघतसुद्धा नाही.