सवलतीआधी गाडी

गडचिरोली जिल्ह्यात अहेरीहून एटापल्लीकडे निघालेल्या गाडीत एक माडिया आजी चढली. कंडक्टर म्हणाला, "आजी, आधार काढ." तिनं प्लास्टिकच्या पिशवीत घडी घालून ठेवलेलं कार्ड पुढं केलं. कंडक्टरनं ते वाचलं, मशीनची बटणं दाबली आणि एक चिठोरं फाडून तिच्या हातात दिलं. त्यावर रक्कम होती शून्य. आजीनं ते चिठोरं तंबाखूच्या डबीत जपून ठेवलं. एटापल्ली आलं, तेव्हा कुणी मागितलं नसताना तिनं ते पुन्हा काढलं, दारात उभ्या कंडक्टरला दाखवलं आणि मगच पायरी उतरली.

शून्य रुपयांचं का असेना, ते तिकीट होतं आणि ती रीतसर प्रवासी होती. एवढंच तिला सांगायचं होतं. तिच्यासारख्या प्रवाशांना शहरातल्या चर्चांमध्ये सर्रास 'फुकटे' म्हटलं जातं. हा शब्द चुकीचा आहे, आणि त्याच्या आधारावर एसटीचा जो हिशेब मांडला जातो तोही चुकीचा आहे, हे सांगण्यासाठी हा लेख.

आधी सवलतींचा तपशील पाहू. ऑगस्ट 2022 पासून 75 वर्षांवरच्या ज्येष्ठांना एसटीचा प्रवास मोफत झाला. 65 ते 75 या वयोगटाला निम्मं तिकीट आहे. 17 मार्च 2023 पासून सर्व महिलांना निम्म्या तिकिटात प्रवास करता येतो. विद्यार्थ्यांना पासासाठी एक तृतीयांश भाडं भरावं लागतं, ग्रामीण भागातल्या पाचवी ते बारावीच्या मुलींना तेवढंही लागत नाही. मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या गाड्या मुलींना शाळेत पोहोचवतात. या सगळ्या योजना चांगल्या आहेत आणि त्या राहिल्याच पाहिजेत. माझं म्हणणं त्यांच्या विरोधात नाही. ते त्यांच्या पुढचं आहे.

पहिला आक्षेप असा की सवलतींनीच एसटी खड्ड्यात घातली. फेब्रुवारी 2025 मध्ये खुद्द परिवहनमंत्र्यांनी, महिला आणि ज्येष्ठांच्या सवलतींमुळे महामंडळाला रोज तीन कोटींचा तोटा होतो, असं म्हटलं होतं. संचित तोटा दहा हजार कोटींच्या वर गेला आहे, हेही खरं. पण तो तोटा 2022 मध्ये जन्मला नाही. कोरोनाच्या काळात चाकं थांबली. 2021 च्या दिवाळीत सुरू झालेला कर्मचाऱ्यांचा संप एप्रिल 2022 पर्यंत चालला. जुन्या गाड्या मोडीत निघाल्या आणि तेवढ्या नव्या आल्या नाहीत. आता सवलतींनंतरचं चित्र पाहा. ऑगस्ट 2024 मध्ये, महिलांची सवलत सुरू होऊन दीड वर्ष झाल्यावर, महामंडळाला एका महिन्यात सोळा कोटींहून अधिक नफा झाला. असं नऊ वर्षांनी घडलं. पुढं असा नफा टिकला नसेल, पण सवलत आणि बुडीत कारभार ही एकमेकांना बांधलेली जोडी नाही एवढं त्या महिन्यानं दाखवलं. शिवाय सवलतीची रक्कम राज्य सरकारनं महामंडळाला भरून द्यायची असते. आजीचं तिकीट तिच्यापुरतं शून्याचं आहे, महामंडळासाठी ते सरकारकडून येणं असलेलं पूर्ण तिकीट आहे. ते येणं वेळेवर मिळालं नाही तर दोष आजीच्या तंबाखूच्या डबीत शोधू नये.

दुसरा आक्षेप अधिक सभ्य भाषेत येतो. एवढं सगळं मिळतं, मग कुरकुर कशाची? हा प्रश्न विचारणाऱ्यांनी साधं गणित करावं. 25 जानेवारी 2025 पासून एसटीचं भाडं 14.95 टक्क्यांनी वाढलं. ज्या प्रवासाला पूर्वी शंभर रुपये पडत, तिथं बाईला निम्मे म्हणजे पन्नास द्यावे लागत. आता साधारण साडेसत्तावन्न पडतात. सवलतीचा फलक तोच राहिला, टक्काही तोच, पण पदरातून जाणारा पैसा वाढला. त्याआधी ऑक्टोबर 2021 मध्येही सतरा टक्क्यांच्या वर भाडेवाढ झाली होती. डिझेल, सुटे भाग, पगार सगळंच महागलं, त्यामुळे भाडं कधीच वाढू नये असं मी म्हणणार नाही. पण भाडं वाढलं की त्याबरोबर काय सुधारलं, हे विचारायचा हक्क भाडं भरणाऱ्याला आहे. अर्धं भरणाऱ्यालाही आहे.

नव्या सवलतींचा तोंडवळाही बघा. 1 जुलै 2025 पासून दीडशे किलोमीटरपेक्षा लांबच्या प्रवासाचं आगाऊ आरक्षण पूर्ण भाड्यानं करणाऱ्याला पंधरा टक्के सूट मिळू लागली. गर्दीचे हंगाम त्यातून वगळले आहेत. पुण्या-मुंबईच्या प्रवाशाला ही सूट उपयोगी आहे. पण हेडरीच्या वळणावर हात दाखवून गाडी थांबवणारी, एटापल्लीच्या बाजाराला जाणारी बाई या योजनेत कुठंच बसत नाही. तिचा प्रवास मोजक्या टप्प्यांचा आहे, आणि एसटीचा एक टप्पा सहा किलोमीटरचा. आठवड्यामागून आठवडे, वर्षामागून वर्षं ती याच गाडीनं जाते. जो सर्वांत जास्त वेळा येतो तो निष्ठावान म्हणायचा, तर ती या महामंडळाची पहिल्या रांगेतली प्रवासी आहे.

निष्ठावान ग्राहकाला बक्षीस देण्याची कल्पना जगात नवी नाही. 1981 मध्ये अमेरिकन एअरलाइन्सनं वारंवार उडणाऱ्या प्रवाशांच्या मैलांचा हिशेब ठेवायला सुरुवात केली आणि मग विमानकंपन्या, हॉटेलं, पर्यटनाची मोठी जहाजं सगळ्यांनी तो रस्ता धरला. जहाजांवर किती रात्री काढल्या त्यावर पायऱ्या ठरतात आणि पायरीगणिक सुखसोयी मिळतात. कंपनीनं एखादी सोय काढून घेतली की वीस वर्षं त्याच जहाजांनी फिरणारी माणसं दुखावतात. हे दुःख खोटं नाही. वचन दिलं होतं आणि ते मोडलं, याचा तो सल असतो. आपल्याकडे रेल्वेनं मार्च 2020 मध्ये ज्येष्ठांची सवलत बंद केली. साठ ओलांडलेल्या पुरुषांना चाळीस टक्के आणि अठ्ठावन्न ओलांडलेल्या स्त्रियांना पन्नास टक्के सूट मिळायची, ती कोरोनाबरोबर गेली. पैशाच्या जोडीला तिथंही मान गेल्याची भावना होती. राज्याची एसटी नेमकी त्याच वर्गाला जवळ करत होती, याचं श्रेय तिला द्यायला हवं.

पण जहाजाचा प्रवासी आणि एटापल्ली तालुक्यातल्या सूरजागडचा प्रवासी यांत एक फरक आहे. जहाजावर सोयी बदलतात, जहाज सुटणार की नाही ही शंका नसते. इथं नेमकी तीच शंका आहे. म्हणून इथल्या माणसाच्या लेखी सवलतीच्या टक्क्याआधी गाडीची शाश्वती येते. न आलेल्या गाडीतली शंभर टक्के सवलत म्हणजे काहीच नाही.

तिसरा आक्षेप मला सर्वांत जास्त बोचतो. या लोकांना दुसरा पर्याय नाही म्हणून ते एसटीनं जातात, म्हणजे ही निष्ठा नव्हे, नाइलाज आहे, असं म्हणतात. हे म्हणणारे कधी आलापल्लीच्या चौकात उभे राहिलेले दिसत नाहीत. तिथं काळीपिवळी उभी असते, ती भरली की सुटते, दारापर्यंतही नेते. संपाच्या काळात तीच होती. संप मिटला आणि लाल गाडी परत दिसली तेव्हा माणसं परत तिच्यात बसली, म्हातारी माणसं, बाळंतिणी, दप्तरं घेतलेल्या मुली. 'वाट पाहीन पण एसटीनेच जाईन' हे वाक्य महाराष्ट्रात लोक सहज बोलून जातात. इथं त्याचा शब्दशः अर्थ आहे. गाडीत कोंबून बसवत नाहीत, कंडक्टर ओळखीचा असतो, तिकिटाला मोल असतं, मुलगी एकटी गेली तरी घरी जिवाला घोर लागत नाही. या कारणांसाठी पर्याय असूनही थांबणं म्हणजे निष्ठाच. तिला नाइलाज म्हटलं की महामंडळाला काही देणं लागत नाही, म्हणून तो शब्द सोयीचा आहे.

चौथा आक्षेप भारमानाचा. फेरीत माणसंच नसतात, मग गाडी कशी परवडणार? गाडी कधी येईल हे माहीत नसेल तर माणसं थांब्यावर येतील कशाला? फेरी अनियमित झाली की प्रवासी घटतो, प्रवासी घटला की फेरी बंद होते, आणि शेवटी दोष प्रवाशाच्या माथी मारला जातो. पूर्वी अनेक गावांना मुक्कामी गाडी असे. ती संध्याकाळी यायची, ड्रायव्हर-कंडक्टर गावात झोपायचे, पहाटे तीच गाडी तालुक्याला निघायची. त्या एका गाडीवर दवाखाना, कचेरी, कॉलेज आणि बाजार ही सगळी कामं एका दिवसात होत. कोरोना आणि संपानंतर अनेक ठिकाणच्या अशा फेऱ्या पूर्ववत झाल्याच नाहीत. फेरीत किती सीट भरल्या हे मोजणाऱ्या कागदावर, ती गाडी नसल्यानं किती लोकांचा दिवस बुडाला हे कुठं मांडलेलं असतं?

आणि रस्त्याचं काय? सूरजागडच्या टेकड्यांतल्या लोहखनिजाचा खाणपट्टा 2007 मध्ये दिला गेला. बराच काळ काम रखडलं, डिसेंबर 2016 मध्ये माओवाद्यांनी तिथं कितीतरी वाहनं जाळली, मग 2021 पासून उत्खननाला वेग आला. 2023 मध्ये वर्षाला तीस लाख टनांची मर्यादा एक कोटी टनांवर गेली. या टेकड्यांवर ठाकूरदेवाचं ठाणं आहे आणि जानेवारीत तिथं यात्रा भरते, हे इथल्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. एटापल्ली-आलापल्लीच्या रस्त्यानं खनिजाच्या ट्रकांची रांग धावू लागली तेव्हा त्याच रस्त्यानं एसटीही जात होती. खिडकीच्या रबरी पट्टीत तांबडी धूळ साचायची, बाईच्या पदरावर आणि शाळेच्या पांढऱ्या सदऱ्यावर तीच धूळ असायची. ट्रकांखाली माणसं गेली, लोक रस्त्यावर बसले. जुलै 2025 मध्ये हेडरी ते कोनसरी ही 85 किलोमीटरची, नळातून खनिज नेणारी खनिजवाहिनी सुरू झाली. रस्त्यावरचा भार त्यानं हलका होणार असेल तर ते स्वागतार्ह आहे. पण यातून एक गोष्ट लक्षात घ्यावी. खनिज ठरलेल्या वेळी ठरलेल्या जागी पोहोचलंच पाहिजे, यासाठी एवढी मोठी व्यवस्था उभी राहू शकते. मग तशीच खात्री माणसालाही देता येते, फक्त ठरवावं लागतं.

ठरवलं की काय होतं याचा पुरावा एटापल्ली तालुक्यातच आहे. 1 जानेवारी 2025 रोजी गट्टा-गर्देवाडा-वांगेतुरी हा 32 किलोमीटरचा रस्ता खुला झाला आणि तिथून अहेरीपर्यंत बस सुरू झाली. मुख्यमंत्री स्वतः त्या गाडीत बसले. स्वातंत्र्यानंतर सत्त्याहत्तर वर्षांनी त्या गावांनी पहिल्यांदा एसटी पाहिली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये धानोरा तालुक्यातल्या कटेझरीला आणि जुलैमध्ये भामरागड तालुक्यातल्या मरकणारला बस पोहोचली. पहिली गाडी आली तेव्हा लोक स्वागताला उभे होते. त्यांनी सवलत किती मिळणार हे विचारलं नव्हतं. गाडी आली, एवढ्यानं त्यांचं मन भरलं होतं. पुण्याहून नगरला पहिली एसटी 1 जून 1948 रोजी निघाली. म्हणजे नगरला मिळालेली गोष्ट वांगेतुरीला मिळायला साडेशहात्तर वर्षं लागली. इतकी वर्षं थांबलेल्या माणसाला आता फेरी रद्द झाल्याचं कारण सांगायची पाळी येऊ नये.

म्हणून माझ्या तीन मागण्या आहेत, आणि मनापासून आहेत. पहिली, दुर्गम तालुक्यांत सकाळी तालुक्याला नेणारी आणि संध्याकाळी गावाला परत आणणारी एक फेरी भारमानाच्या हिशेबातून पूर्णपणे बाहेर काढा. ती शाळा-दवाखान्यासारखी सेवा समजा. दुसरी, फेरी बदलायची, तोडायची किंवा तिची वेळ हलवायची असेल तर आधी ग्रामसभेला कळवा आणि तिचं म्हणणं लिहून घ्या. इथल्या ग्रामसभा तेंदूपानांचे आणि बांबूचे व्यवहार करतात, त्यांना बसचं वेळापत्रक कळत नाही असं कुणी म्हणू नये. तिसरी, खर्चाची. खाणकायद्याच्या 2015 च्या दुरुस्तीनं प्रत्येक खाणजिल्ह्यात जिल्हा खनिज प्रतिष्ठान आलं. 2015 च्या आधी दिलेल्या खाणपट्ट्यांना स्वामित्वधनाच्या तीस टक्के रक्कम या निधीत भरावी लागते, आणि हा पैसा खाणबाधित लोकांसाठीच असतो. त्यातून आरोग्य, शिक्षण, पाणी, रस्ते यांवर खर्च होतो. मग आरोग्यकेंद्रापर्यंत आणि शाळेपर्यंत पोहोचवणाऱ्या गाडीवर तो का होऊ नये? ज्या डोंगरातून लोखंड निघतं, त्याच्या पायथ्याच्या गावांची बस त्या लोखंडाच्या पैशावर चालणं यात मला पूर्ण न्याय दिसतो.

सवलती कमी करा, असं यात कुठंही नाही. सवलत हा आजीचा हक्क आहे आणि तो टिकायला हवा. माझं म्हणणं एवढंच की सवलतीला अर्थ गाडीमुळे येतो, म्हणून गाडीचा हक्क आधी मान्य करा.

एटापल्लीला उतरलेल्या त्या आजीच्या चिठोऱ्यावर शून्याच्या जोडीला आणखी एक गोष्ट छापलेली होती, तारीख आणि वेळ. रकमेचा प्रश्न सरकारनं तिच्यापुरता सोडवला आहे. ती दुपारचा बाजार आटोपून त्याच थांब्यावर परतीच्या गाडीसाठी येईल, तेव्हा वेळेचा प्रश्नही सुटलेला असावा.