शिक्षण हवे, वेठ नको

मेंदूच्या पक्षाघाताने, म्हणजेच सेरेब्रल पाल्सीने, ग्रस्त असलेल्या मुलाच्या शुश्रूषेचा भार आपल्या देशात अखेर त्याच्या आईवरच येऊन पडतो. मेंदूला एकदा झालेली इजा पुढे वाढत नाही, हे खरे. परंतु योग्य हाताळणीच्या अभावी आखडत जाणारे स्नायू आणि वाकडे होणारे सांधे त्या मुलाला अधिकाधिक परावलंबी करीत राहतात. ही दुसरी हानी पुष्कळ अंशी टाळता येण्याजोगी आहे.

मुलाला आडवे निजवून भरविल्यास अन्न श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होण्याचा धोका असतो. म्हणून त्याला आधार देऊन ताठ बसवावे आणि मान किंचित पुढे ठेवून भरवावे. पाय ताठरून एकमेकांत अडकत असतील तर ते फाकवून कडेवर घ्यावे. आधाराची खुर्ची गावचा सुतारही करू शकतो. याला महागडी यंत्रे लागत नाहीत, जाणत्या माणसाने दिलेले शिक्षण लागते. आणि नेमके तेच शहरात एकवटले आहे. मजुरी बुडवून, एस.टी.चे भाडे भरून शेतमजूर स्त्रीने तेथे किती खेपा घालाव्यात?

केंद्र शासनाने नोव्हेंबर २०२३ मध्ये दिव्यांग बालकांसाठी अंगणवाडी कार्यप्रणाली जाहीर केली. दिशा योग्यच आहे. परंतु पुढच्याच महिन्यात महाराष्ट्रातील अंगणवाडी सेविकांना आपल्या मागण्यांसाठी संपावर जावे लागले. जिच्या श्रमाला वेतन न म्हणता मानधन म्हटले जाते, तिच्यावर आणखी एक काम लादणे म्हणजे प्रशिक्षण नव्हे. आईची गोष्टही निराळी नाही. तिला चार दिवस शिकवून शासनाने आपली जबाबदारी झटकली, तर ती ममतेच्या नावाने चाललेली वेठबिगारीच ठरेल.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम २४ मध्ये अधिक आधाराची गरज असलेल्यांसाठी काळजीवाहक भत्त्याची तरतूद आहे. मात्र शासनाच्या आर्थिक क्षमतेची मर्यादा घालून पळवाटही तेथेच ठेवलेली आहे.

म्हणून कार्यकर्त्यांनी तीन मागण्या गावोगाव नेल्या पाहिजेत : पालकांना गावातच विनामूल्य आणि सातत्याचे प्रशिक्षण, त्या दिवसांची मजुरी-भरपाई व प्रत्यक्ष काळजीवाहक भत्ता, आणि सेविकांना या कामाचे रीतसर वेतन. अपंग मूल हे कुटुंबाचे दुर्दैव मानून हळहळणे सोपे आहे. त्याचा भार समाजाने वाटून घेणे, हाच समाजवाद होय.