विश्लेषण : सुपरचार्जरला नायट्रसची जोड; नागपूरच्या उन्हात हा खेळ का परवडत नाही?

मोबाइलवरच्या रेसिंग गेममध्ये ‘नायट्रो’चे बटण दाबले की गाडी क्षणात सुसाट सुटते. २००१ साली आलेल्या ‘द फास्ट अँड द फ्यूरिअस’ चित्रपटापासून हे दृश्य तरुणांच्या डोक्यात बसले आहे. खऱ्या गाडीतही नायट्रस बसवता येते आणि त्याने ताकद वाढते, हे खोटे नाही. मात्र आधीच सुपरचार्जर असलेल्या इंजिनावर, तेही नागपूरसारख्या शहरात, हा प्रयोग रस्त्यावर करणे म्हणजे खिशातले पैसे आणि जीव दोन्ही पणाला लावणे आहे. त्याची कारणे भावनिक नाहीत, तांत्रिक आहेत.

नायट्रस म्हणजे नेमके काय?

नायट्रस ऑक्साइड म्हणजे शस्त्रक्रियेच्या वेळी भूल देताना वापरला जाणारा ‘हसवणारा वायू’. अनेकांचा समज असा की हे एखादे जहाल इंधन आहे. प्रत्यक्षात तो स्वतः जळत नाही, दुसऱ्याला जळायला मदत करतो. हवेत वजनाने सुमारे २३ टक्के ऑक्सिजन असतो, नायट्रसमध्ये ३६ टक्के. ज्वलनकक्षाच्या उष्णतेत हा वायू फुटतो, ऑक्सिजन मोकळा होतो आणि तेवढ्याच जागेत जास्त पेट्रोल जाळता येते. ताकद येते ती या जादा पेट्रोलमधून. म्हणूनच नायट्रसबरोबर पेट्रोलचा पुरवठाही मोजून वाढवावा लागतो.

सुपरचार्जर असताना त्याची गरज काय?

सुपरचार्जर हा इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरणारा हवेचा पंप. तो जास्त हवा इंजिनात ढकलतो. भारतात आज टर्बोच्या गाड्या अधिक दिसतात. पण जुन्या मर्सिडीजवरचे ‘कॉम्प्रेसर’ हे नाव सुपरचार्जरचेच. या पंपाचा एक दोष आहे. हवा दाबली की ती तापते, आणि तापलेली हवा विरळ होते.

नायट्रसचा उत्कलनबिंदू उणे ८८ अंश सेल्सिअस. बाटलीतला द्रव बाहेर पडताच त्याची वाफ होते आणि आत येणारी हवा एकदम थंड होते. सुपरचार्जरने केलेली गरमी नायट्रस काही प्रमाणात उतरवतो, म्हणून ही जोडी जमते. दुसऱ्या महायुद्धात जर्मन हवाई दलाने ‘जीएम-१’ या नावाने हेच तंत्र वापरले होते. फार उंचीवर सुपरचार्जरची दमछाक होऊ लागली की वैमानिक नायट्रस सोडत. पण तिथली हवा विरळ आणि थंड होती, आणि त्या इंजिनांची देखभाल करायला तंत्रज्ञांचे पथक होते. गल्लीतल्या गॅरेजमध्ये या दोन्ही गोष्टी नसतात.

मग इंजिन निकामी कशामुळे होते?

मुख्य कारण एकच : ऑक्सिजन वाढला, पण त्या हिशेबात पेट्रोल वाढले नाही. पंप कमी पडला, इंजेक्टर तुंबला किंवा जेट चुकीचे बसले की मिश्रण पातळ होते, तापमान भडकते आणि इंधन वेळेआधीच पेटते. यालाच मेकॅनिक ‘नॉकिंग’ म्हणतात. काही सेकंदांत पिस्टनचा माथा वितळू शकतो, हेड गॅस्केट जाऊ शकते, कनेक्टिंग रॉड वाकू शकतो.

साध्या इंजिनात थोडी चूक पोटात घालण्याइतकी जागा असते. सुपरचार्जरने ती जागा आधीच वापरलेली असते. शिवाय सुपरचार्जर कमी आरपीएमलाही भरपूर जोर देतो. त्याच वेळी नायट्रसही सुटला तर सगळा दाब एकदम रॉडवर येतो. म्हणून जाणकार तो फक्त पूर्ण ॲक्सिलरेटरवर आणि ठरावीक आरपीएमनंतरच सुरू होईल अशी सोय करतात, स्पार्कची वेळ मागे घेतात, थंड प्रकृतीचे प्लग बसवतात आणि जास्त ऑक्टेनचे पेट्रोल भरतात. यातले काहीही न करता नुसती बाटली आणि बटण विकणारा गाडीचा वेग वाढवत नाही, तो इंजिनाचे आयुष्य कापतो.

नागपूरच्या उन्हाचा काय संबंध?

सर्वात जास्त संबंध इथेच आहे. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. ४५ अंशांची हवा अर्धा बार जादा दाबाने ढकलली, तर आदर्श यंत्रातही ती ८० अंशांच्या वर जाते. प्रत्यक्षातले यंत्र आदर्श नसल्याने आकडा आणखी चढतो. म्हणजे थंडावा देणाऱ्या नायट्रसचा मोह इथे अधिक पडणार, हे साहजिकच.

पण ज्या उन्हामुळे तो हवासा वाटतो, तेच ऊन बाटलीला धोकादायक करते. २० अंशांना नायट्रसच्या बाटलीत सुमारे ५० बार दाब असतो. ३६.४ अंश हे या वायूचे क्रांतिक तापमान. तिथे दाब ७२ बारवर पोहोचतो. त्यापुढे बाटलीत द्रव म्हणून काही उरतच नाही आणि दाब झपाट्याने चढतो. दाब वाढला की त्याच जेटमधून ठरल्यापेक्षा वेगळ्या प्रमाणात वायू जातो, पेट्रोल मात्र तेवढेच राहते. सकाळी नीट जुळवलेली गाडी दुपारी चुकीची होते. थंड देशांत बाटली गरम ठेवायला हीटर लावतात. नागपुरात उन्हाळ्यात ती थंड कशी ठेवायची हा प्रश्न आहे.

उन्हात उभ्या गाडीची डिकी बाहेरच्या हवेपेक्षा कितीतरी जास्त तापते. बाटलीची सुरक्षा चकती फुटली आणि वायू गाडीबाहेर नेणारी नळी नसली, तर तो बंद गाडीत भरतो. तिथला ऑक्सिजन कमी होऊन चालकाची शुद्ध हरपू शकते.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरवलेल्या आणि नोंदणीत असलेल्या तपशिलात मनमानी बदल करता येत नाही. केरळमधील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकते. रस्त्यावर शर्यत लावणे हा कलम १८९ खाली वेगळा गुन्हा. न कळवलेल्या बदलामुळे विम्याचा दावा अडकू शकतो, तो फटका निराळाच.

बाटलीचा कायदाही स्वतंत्र आहे. गॅस सिलिंडर नियम, २०१६ नुसार मान्यताप्राप्त सिलिंडर लागतो आणि तो भरायला परवाना लागतो. हे नियम राबवणाऱ्या ‘पेसो’ या केंद्रीय संस्थेचे मुख्यालय नागपुरातच, सेमिनरी हिल्सवर आहे. रुग्णालयाच्या साठ्यातून बाटली भरून घेणे हा तर ‘जुगाड’ नव्हेच. वैद्यकीय नायट्रस हे औषध कायद्याखालचे औषध आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये दिला आहे.

वेगाची हौस असलेल्यांनी काय करायचे?

‘समृद्धी’सारखा मोकळा रस्ता दारात असताना हा प्रश्न टाळून चालणार नाही. नागपूरहून सुरू होणाऱ्या ७०१ किलोमीटरच्या या महामार्गावरही मोटारींची कमाल मर्यादा ताशी १२० किलोमीटर आहे. तेवढ्या वेगाला सुपरचार्जर असलेली गाडी सहज पोहोचते, नायट्रसची गरजच पडत नाही. म्हणजे रस्त्यावर नायट्रसचा कायदेशीर उपयोग शून्य.

त्याची खरी जागा बंद धावपट्टी आहे, जिथे अग्निशमन, रुग्णवाहिका आणि वाहन तपासणी असते. लोणावळ्याजवळच्या अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर अशा ड्रॅग शर्यती झाल्या आहेत. पण विदर्भातल्या मुलाला ती जागा सातशे किलोमीटरहून लांब. नुसते दंड वाढवून हौस मरत नाही, ती फक्त रात्रीच्या रस्त्यावर जाते. म्हणून कारवाई आणि पर्याय दोन्ही एकत्र हवेत. बेकायदा बाटल्या भरणाऱ्यांवर आरटीओ आणि पेसोने मिळून लक्ष ठेवावे, आणि राज्याने विदर्भात वर्षातून काही दिवस तरी मोटरस्पोर्ट महासंघाच्या नियमांखाली चालणारी धावपट्टी द्यावी. तीही हिवाळ्यात, बाटली ३६ अंशांच्या खाली राहील अशा दिवसांत.

तोवर गॅरेजवाल्याला तीन प्रश्न जरूर विचारावेत : जादा पेट्रोल कुठून येणार, बाटलीतला दाब दुपारी किती असेल, आणि आरसी बुकात याची नोंद कशी करणार? एकाही प्रश्नाचे उत्तर गोलमोल आले, तर गाडी आहे तशीच घरी आणलेली बरी.