इंजिनाला अंदाजाने ऑइल टाकू नका

आज भाताचं नाही, गाडीचं बोलतो.

माझ्या गाडीच्या पुस्तकात ५डब्ल्यू-३० लिहिलंय. मागे गॅरेजवाला म्हणाला, "हे पाण्यासारखं पातळ, आपल्या उकाड्यात टिकायचं नाय. २०डब्ल्यू-५० टाकू." मी मान डोलावली, चूक माझीच. तेव्हापासून रोज सकाळी गाडी चालू केली की थोडा वेळ टकटक, ॲव्हरेजही घसरलं. पुस्तकातलं ऑइल परत टाकल्यावर टकटक थांबली. पण झीज झाली असेल ती काय भरून येते?

'जाड ऑइल म्हणजे दमदार' हा आपला जुना गैरसमज. डब्ल्यू म्हणजे विंटर. त्याच्या आधीचा आकडा थंड इंजिनात ऑइल किती सहज वाहतं ते सांगतो, नंतरचा १०० अंशाला किती घट्ट राहतं ते. म्हणजे ५डब्ल्यू-४० आणि २०डब्ल्यू-४० तापल्यावर एकाच वर्गातले. फरक सकाळच्या स्टार्टला.

कोणी म्हणेल, गडबला कुठे बर्फ पडतो? बरोबर, म्हणून २०डब्ल्यू गोठणार नाही. पण ४० अंशालाही २०डब्ल्यू-५० हे ५डब्ल्यू-३० च्या दुपटीहून घट्ट असतं. आपण वडखळ नाक्यापर्यंत जातो, इंजिन पुरतं तापायच्या आत पोचतो. नव्या इंजिनातल्या बारीक वाटांतून ते घट्ट ऑइल वेळेत वर चढत नाही, आणि झीज तिथेच होते.

उलटंही खरं. पॉवर टिलरला, जुन्या डिझेल पिकअपला पुस्तक १५डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-४० सांगत असेल तर तेच टाका, कारमधलं उरलेलं पातळ ऑइल ओतू नका. गाडी जुनी होऊन ऑइल पीत असेल तर एक पायरी घट्ट चालेल, पण पुस्तकातल्या तापमानाच्या तक्त्यात ती बसत असेल तरच. आणि बीएस-६ डिझेलला फिल्टर असेल तर नुसता आकडा बघून भागत नाही, कमी राखेचं ऑइल लागतं.

भाताला युरिया वाढवला की शिवार हिरवंगार दिसतं, मग एका वाऱ्यात आडवं होतं. हे आपल्याला कळतं, म्हणून आपण माती तपासून खत देतो. मग इंजिनालाच अंदाजपंचे का? उघडावं लागलं तर हंगामाचं भात त्यात जाईल.

पुढच्या सर्व्हिसला पुस्तक सोबत न्या. कॅन आपल्यासमोर फोडायला सांगा, आणि आकडा स्वतः वाचा.