गाठ बाईची, रिपोर्ट नवऱ्याच्या हातात

आमच्या भाईंदरच्या चाळीतल्या शेजारणीला स्तनात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, केमो सुरू झाली. केस गेले, धुण्याभांड्याच्या चार घरांपैकी तीन सुटली. मी विचारलं, "केमो कशासाठी?" ती म्हणाली, "ताई, डॉक्टर आमच्या ह्यांच्याशी बोलले." दोघींनी बसून फाइल वाचली. गाठ हार्मोनला प्रतिसाद देणारी, हर-टू निगेटिव्ह, काखेत पसरलेली नाही. शरीर तिचं, पण तिला कुणीच सांगितलं नव्हतं!

अशाच गाठींवरचा टेलरएक्स हा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात १०,२७३ बायका होत्या. गाठीतली २१ जनुकं किती जोरात काम करतात ते मोजून गुण दिले. ही आईबापांकडून आलेल्या दोषाची तपासणी नव्हे. हा गाठीचा स्वभाव. ११ ते २५ गुण असणाऱ्यांना हार्मोनच्या गोळ्यांसोबत केमो देऊन एकंदरीत जास्त फायदा झाला नाही. पन्नाशीच्या आतल्या, १६ ते २५ गुण असणाऱ्यांना मात्र थोडा झाला. आपल्याकडे हा आजार पाश्चात्त्य देशांपेक्षा कमी वयात गाठतो, म्हणून केमो नाकारा असं मी मुळीच म्हणत नाही. विचारा, एवढंच म्हणते.

ही ऑन्कोटाइप तपासणी अमेरिकेत होते, खर्च लाखांत. बंगळुरूत भारतीय रुग्णांवर घडवलेली, प्रथिनं मोजणारी कॅनअसिस्ट तपासणी त्याहून स्वस्त. तरी घरकाम करणारीला कुठली परवडणार? म्हणजे पैसेवालीला नेमकं उत्तर, आणि गरिबीणीला सरसकट केमो!

कुणी म्हणेल, आधी साध्या सोयी होऊ द्या, मग जनुकं. पण नको असलेली केमोही फुकट नसते. बुडालेली मजुरी कोण मोजतं? आणि साध्या सोयी तरी कुठे आहेत? टाटा रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांत प्रशिक्षित आरोग्यसेविकांकडून हाताने स्तनतपासणी करवली. दीड लाखावर बायका या अभ्यासात होत्या. २०२१ मध्ये निष्कर्ष आले: पन्नाशीपुढच्या बायकांत या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले. त्याला यंत्र लागलं नाही, बायकांचे शिकलेले हात लागले.

म्हणून मैत्रिणींनो, मागण्या दोन्ही हव्यात. मीरा-भाईंदरच्या प्रत्येक वस्तीत स्तनतपासणी. जिला गरज आहे तिला गाठीची जनुक-तपासणी सरकारी खर्चाने. आणि त्याआधी, आजपासून, बिनखर्चाची गोष्ट: रिपोर्ट बाईच्या हातात, मराठीत समजावून. निर्णय तिला विचारून. पुढच्या वेळी दवाखान्यात जाणारीसोबत आपल्यापैकी एकीने जायचं, आणि डॉक्टर नवऱ्याकडे वळले की म्हणायचं, "आजारी ही आहे, हिच्याशी बोला."