वर्तणूक : चांगली

शाळा सोडल्याच्या दाखल्यावर 'वर्तणूक' नावाचा एक रकाना असतो. आम्ही मास्तर मंडळी त्यात डोळे मिटून 'चांगली' असे लिहून मोकळे होतो. पोराने खिडक्यांच्या काचा फोडलेल्या असोत की पाच वर्षांत वर्गात तोंडातून शब्द काढलेला नसो, दोघांचीही वर्तणूक चांगलीच! यात कोणाचे फारसे नुकसान होत नाही. पण हाच रकाना आम्ही मराठी नाटक-कादंबऱ्यांतल्या माणसांनाही लावून ठेवला आहे, आणि तिथे मात्र नुकसान होते. ते कोणाचे, हेच मला आज सांगायचे आहे.

'अमक्याचे स्वभावचित्र रेखाटा' आणि 'तमक्याची मध्यवर्ती कल्पना सांगा' हे दोन प्रश्न म्हणजे आमच्या वाङ्मयशिक्षणाचे जणू दोन बैल. पिढ्यान् पिढ्या तेच नांगराला जुंपलेले. बाजारातल्या मार्गदर्शकांत त्यांची उत्तरे तयार असतात. आमच्या तासगावात बेदाण्याचा सौदा निघतो तेव्हा हिरवा, पिवळा, काळा अशी मालाची प्रतवारी लागते. मार्गदर्शकवाले नाटकातल्या पात्रांची तशीच प्रतवारी लावतात : लोभी, लंपट, ध्येयवादी, सोशिक. पेटीवर चिठ्ठी चिकटली की माल विकायला तयार. बेदाण्याचे व्यापारी निदान चार दाणे तोंडात टाकून बघतात. इथे तेवढीही तसदी नाही.

यमूचे उदाहरण घ्या. हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो?' ही कादंबरी १८९० साली सुरू झालेल्या 'करमणूक'मधून क्रमशः आली. तिच्यात एक मुलगी स्वतःच्या तोंडाने स्वतःची कहाणी सांगते. नवरा गेल्यावर तिच्या इच्छेविरुद्ध तिचे केशवपन होते. हरिभाऊंनी पुस्तकाचे नावच प्रश्नचिन्हासकट ठेवले, म्हणजे प्रश्न वाचणाऱ्याला आहे. आमचा विद्यार्थी त्याचे काय उत्तर देतो? 'यमू सोशिक आहे.' वा रे उत्तर! जे तिच्यावर लादले गेले, ते आम्ही तिचा गुण म्हणून तिच्या नावावर जमा केले, आणि लादणारे सुटले.

सिंधूचीही तीच गत. गडकऱ्यांचे 'एकच प्याला' १९१९ साली रंगभूमीवर आले. मध्यवर्ती कल्पना काय? मद्यपानाचे दुष्परिणाम. सिंधू कोण? आदर्श पतिव्रता. मरता मरता नवऱ्याला वाचवण्यासाठी ती खोटी जबानी देते, याचे आम्ही वर्गात कौतुक करतो. समोरच्या बाकावर, रात्री घरी बापाचा मार खाणारी आई पाहून आलेली एखादी पोर बसलेली असते. ती 'आदर्श' हा शब्द वहीत उतरवून घेते, त्याला गुणही मिळवते. गडकऱ्यांनी सिंधूला मरू दिले ते आपल्या अंगावर काटा यावा म्हणून. आम्ही त्या काट्याचा हार केला.

पण माझा खरा रोष आहे तो 'शारदे'च्या वाट्याला जे आले त्यावर. गोविंद बल्लाळ देवल म्हणजे आमच्या सांगलीशेजारच्या हरिपूरचे, कृष्णा-वारणेच्या संगमावरचे. 'संगीत शारदा' १८९९ सालचे. तेव्हा या भागातल्या मास्तराने तरी ते नाटक नीट वाचून शिकवावे, अशी अपेक्षा गैर नाही. शिकवले काय जाते? मध्यवर्ती कल्पना : जरठ-बाला विवाह. भुजंगनाथ लंपट, कांचनभट लोभी, भद्रेश्वर दीक्षित कपटी, कोदंड ध्येयवादी, शारदा निरागस. शेवटी एक वाक्य ठेवून दिलेले असते, की ही दुष्ट प्रथा आता नष्ट झाली आहे. उत्साही मास्तर त्याला जोड देतात, की या नाटकावरूनच 'शारदा कायदा' झाला! तो १९२९ सालचा कायदा अजमेरच्या हरबिलास सारडा यांच्या नावाचा. त्याचा आणि देवलांच्या शारदेचा संबंध नावाच्या उच्चारापुरता आहे.

वाचकहो, आता एकच प्रश्न विचारतो. शारदेचे लग्न मोडले कशामुळे?

सहज उत्तर येते, की कोदंडाने मोडले. बरोबर. पण काय सांगून मोडले? मुलगी कोवळी आहे म्हणून? नवरा पंचाहत्तरीचा आहे म्हणून? मुलीच्या मनात नाही म्हणून? नाही! मांडवातल्या सगळ्यांना यातले सगळे ठाऊक होते आणि त्यापायी एकाच्याही घशात अक्षता अडकल्या नव्हत्या. लग्न मोडले ते वधूवरांचे गोत्र एक निघाले म्हणून. दडवलेली सगोत्रता उघडी पडली आणि त्या क्षणी सगळे शास्त्र खडबडून जागे झाले. पुढे शारदा पुन्हा लग्नाला मोकळी आहे की नाही, हेही शंकराचार्यांकडून ठरवून घ्यावे लागते. संबंध नाटकात त्या मुलीच्या 'नाही'ला कुठेही निकालाचा मान नाही. तिची आई त्याच घरात आहे, पण तिच्याही शब्दाला किंमत नाही.

हे देवलांचे अपयश नव्हे, हा त्यांचा डंख आहे. त्यांनी समाजाला आरसा दाखवला : तुम्ही अन्यायाने थांबत नाही, तांत्रिक हरकतीने थांबता. एवढी धारदार गोष्ट नाटकात ढळढळीत असताना आमच्या प्रश्नपत्रिकेला ती दिसत नाही. कारण 'स्वभावचित्र' विचारले की माणूस सुटा होतो, आणि मांडवात गप्प बसलेल्यांचे स्वभावचित्र कोणीच विचारत नाही.

प्रथा नष्ट झाली म्हणणाऱ्यांनी थोडे बाहेर पाहावे. मुलीच्या लग्नाचे किमान वय १९७८ पासून अठरा आहे. २००६ साली नवा प्रतिबंधक कायदाही आला. तरीही २०१९ ते २१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, महाराष्ट्रातल्या वीस ते चोवीस वर्षांच्या शंभर स्त्रियांपैकी जवळजवळ बावीस जणींची लग्ने अठरा पुरी होण्याआधी झालेली आढळली. पंचाहत्तरीचा नवरा आता नसेल. पंचविशीचा, नोकरीवाला, बागायतदार असेल. पण मुलीला विचारले कोणी?

आणि असे एखादे लग्न थांबते तेव्हा कशाने थांबते? कोणीतरी १०९८ वर फोन करतो, सरकारी माणसे येतात आणि शाळेचा दाखला मागवतात. तोच आमचा दाखला! 'वर्तणूक : चांगली' लिहिलेला. त्यातली जन्मतारीख वाचली जाते आणि मांडव उतरतो. उतरतो हे उत्तमच, तो कायदा हवाच. पण ही तारीख म्हणजे आजचे गोत्र नव्हे काय? अठरा पुरी होऊन एक दिवस लोटला की तोच मांडव, तेच वऱ्हाड, तीच मुकी मुलगी, आणि हरकत कोणाचीच नाही. सव्वाशे वर्षांत हरकतीचे कलम बदलले, मुलीचा शब्द मात्र अजून पुराव्यात धरला जात नाही.

माझे काही व्यवसायबंधू म्हणतील, 'पोरांना गुण हवेत, तुमची तत्त्वे कोण तपासणार?' त्यांना मी सांगतो, की 'लग्न कशामुळे मोडले?' या प्रश्नाचे उत्तर पुस्तकातच आहे, तेही तपासता येते. फक्त त्यासाठी मास्तराने पुस्तक वाचलेले असावे लागते. दुसरीकडून विद्वान म्हणतील, 'नाटक ही कला आहे, तिला समाजसेवेच्या दावणीला बांधू नका.' फडके-खांडेकरांचा हा वाद आमच्या वाडवडिलांनी पोटभर खाल्ला. मी मॅट्रिकपुढे परीक्षा दिलेली नाही, तेव्हा कलेची व्याख्या मी करणार नाही. मात्र कादंबऱ्या लिहिताना एवढे कळले आहे, की पात्र म्हणजे गुणांची यादी नसते. ऐन वेळी ते काय करते आणि काय करायचे टाळते, त्यातून ते उभे राहते. मी प्रवचन मागत नाही. बारकाईचे वाचन मागतो आहे.

म्हणून परीक्षकांना आणि पाठ्यपुस्तक मंडळींना माझे मागणे अगदी साधे आहे. स्वभावचित्राचा प्रश्न दहा वर्षे बंद ठेवा. त्याऐवजी विचारा : या प्रवेशात कोणाला काय ठाऊक होते? कोण बोलले, कोण गप्प राहिले? गप्प राहून कोणाचा फायदा झाला? मग पाहा, मागच्या बाकावरची जी मुलगी एरवी तोंड उघडत नाही, ती काय लिहिते ते. तिचे अक्षर वाईट असेल, शुद्धलेखन त्याहून वाईट असेल. पण 'नाही' हा शब्द तिने निदान एकदा उत्तरपत्रिकेत लिहिलेला असेल, आणि त्याला गुण मिळालेले असतील. घरी तो उच्चारण्याआधी कुठेतरी त्याची उजळणी झालेली बरी.