टाकीतलं पाणी

अमेरिकेतल्या वाळवंटात काय पाहिलंत, असं मला बरेचजण विचारतात. मी सांगते, पाणी मोजणारी माणसं पाहिली.

मुलगा-सुनेबरोबर आम्ही आरव्हीतून, म्हणजे चाकांवरच्या घरातून, अ‍ॅरिझोनात हिंडलो. वाटेत गॅस स्टेशनवर थांबलं की मुलगा आधी पाण्याचा नळ कुठे आहे ते विचारायचा. फिनिक्सहून पश्चिमेला इंटरस्टेट १० वर क्वार्टझसाइट नावाचं छोटंसं गाव लागतं. थंडीला कंटाळलेली, माझ्या वयाची हजारो माणसं हिवाळ्यात तिथे आरव्ही घेऊन येतात. गावाबाहेरच्या सरकारी जमिनीवर १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल मुक्काम करता येतो. गाडी उभी करतो तिथे ना नळ, ना वीज. गाडीच्या पोटात टाक्या तीन: स्वच्छ पाण्याची, सांडपाण्याची आणि मैल्याची. पहिली रिकामी होते तशा बाकीच्या दोन भरत जातात, आणि त्या ठरावीक जागी नेऊन स्वतःच रिकाम्या कराव्या लागतात. मग भांडी घासताना नळ बंद करा, हे कुणाला सांगावं लागत नाही.

पाणी वाचवा, या विषयावर मी वर्षानुवर्षं मुलांकडून निबंध लिहून घेतले. पण आपल्या घरातली टाकी असते गच्चीवर, आणि सांडपाणी कुठे जातं कोण जाणे. जे दिसतच नाही, ते मुलं जपणार कशी?

माझं मत विचाराल तर निबंध पुरे. आठवड्यातून एक दिवस नळ बंद ठेवावा, पिंप भरून समोर ठेवावं आणि म्हणावं, आज एवढंच. नातवंडांना घेऊन करून पाहा, आणि काय झालं ते मला जरूर कळवा.